कोंबडी देऊन सोडवलेलं लेकरू

माझं माहेर गंगापूरकडचं, ताई, गोदावरीच्या अलीकडचं एक बारकं गाव, नाव सांगून बी तुम्हाला कळायचं नाय, आता तिथं एसटी जाते, तव्हा पायीच जावं लागायचं. गावाच्या कडंला आमची ख्रिस्ती लोकांची आळी, आळीच्या तोंडाशी पत्र्याचं देऊळ, व्हय, आम्ही देऊळच म्हणायचो, चर्च हा शब्द मी शहरात आल्यावर शिकले. बाप माझा दुसऱ्याच्या शेतात सालानं राहायचा अन् रविवारी देवळात पेटी वाजवायचा, बोटं अशी राठ की दोन-दोन पट्ट्या एकदम दाबल्या जायच्या, पण गळा लई गोड. त्याचं एकच म्हणणं असायचं, देवावर भरोसा ठेवणं सोपं हाय गं मार्था, गाणं म्हणलं की झालं, त्याचा हुकूम पाळायचा म्हणलं की माणसाला घाम फुटतो. मला वाटायचं बाप काहीबाही बोलतो, मला तर कसलाच घाम फुटत नव्हता, मी रविवारी दोन वेण्या घालून पहिल्या रांगेत बसायची अन् सगळ्यांच्या वरचढ आवाजात गायची.

तर मी मार्थाबाई. गुलमंडीच्या बाजारात एका कापडदुकानाच्या जिन्याखाली माझी मशीन हाय, साडीला फॉल-पिको करते, लई वर्षं झाली, दुकानाचा रंग किती बार बदलला पण जिन्याखाली मीच. तोंडाची फटकळ हाय, हे आधीच सांगून ठेवते, लिहिताना मला गोड-बिड करू नका. लोक म्हणतात ख्रिस्ती बाईनं कसं नरम बोलावं, म्हणलं नरम बोलायला मी काय गादी हाय का.

लग्न होऊन आले ते इथं चिकलठाण्याला. आता तुम्ही विमानतळाच्या रस्त्यानं आलात ना, त्या सगळ्या बिल्डिंगा मागून उगवल्या, तव्हा ज्वारीची रानं व्हती अन् कंपन्यांचे भोंगे. आमचे हे माल वाहायचा टेम्पो चालवायचे, दिवसभरात दहा शब्द बोलले तर लई झालं. त्यांच्या वाटचं बी त्यांची आई बोलायची. मी तिला आत्याबाई म्हणायची, आपल्यात सासूला तसंच म्हणतात. आत्याबाईंनी अंगणात कोंबड्या पाळल्या व्हत्या, त्यातली एक तांबडी, रोज अंडं देणारी, तिला त्या माणसापरीस जपायच्या. मला लेकरू व्हईना, अन् आत्याबाई कोंबडीला दाणे टाकता टाकता म्हणायच्या, तू तरी घराला काहीतरी देती बाई. कोंबडीला म्हणायच्या, ऐकवायच्या मला. काय सांगू तुम्हाला, त्या कोंबडीचा मला असा राग यायचा की वाटायचं हिचं कालवण करावं.

दवाखाने झाले, उपास झाले, चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करून गेले, सगळं झालं. मंग एक दिवस दुपारी जिन्याखाली बसले व्हते, लग्नसराई, साड्यांचा ढीग, पाय मशीनवर चालू, अन् मी मनातल्या मनात देवाशी भांडू राहिले, भांडता भांडता बोलून गेले की तू एक दे, मी तुलाच देते. आमच्या शास्त्रात, बायबलमधी, ती एक बाई हाय ना, तिला बी व्हत नव्हतं, तिनं असंच मागितलं अन् झालेलं पोरगं देवळाला दिऊन बी टाकलं, तिचं माझ्या ध्यानात व्हतं. पण तिनं खरंच दिलं, हे काय मी तव्हा मनावर घेतलं नाय. गरज असली की माणूस काय काय बोलतं.

अन् दिलं की त्यानं. पोरगा. नाव त्या बाईच्या पोराचंच, शमुवेल, ठेवलं, घरात शमू. आत्याबाईंचं तोंड त्या दिवसापासून माझ्यापुरतं बंद झालं, बाकीच्यांसाठी चालूच व्हतं.

आता मेन गोष्ट सांगते, नीट ऐका, कारण पुढचं सगळं हिच्यावर हाय. आमच्यात कापणीचा सण असतो. पीक निघालं की शेतातलं पहिलं-वहिलं आणायचं अन् चर्चमधी वेदीसमोरच्या टेबलावर ठेवायचं. गावाकडं बाजरीची कणसं, भोपळे, तूर, शेंगा असं यायचं. शहरात कोणाला शेत हाय? मंग लोक बाजारातून आणतात, कोणी साखरेचा पुडा, कोणी दुधीभोपळा, कोणी घरची लोणच्याची बरणी, एकानं तर साबणाच्या वड्या ठेवल्या व्हत्या, कारण तो साबणाच्या कंपनीत व्हता. पाळकसाहेब सगळ्यावर प्रार्थना करतात. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव. एक वार, दोन वार, तीन वार, असा. लई मजा असते, माणूस आपलाच भोपळा चढाओढीनं परत घेऊन जातो. पण दस्तूर असा की टेबलावर ठेवलं ते फुकट उचलायचं नाय. ते देवाचं झालं. पाहिजे असलं तर बोली लावून घ्यायचं.

शमू तव्हा नुसता पालथा पडायला लागला व्हता. त्या सणाला माझ्याकडं ठेवायला काही नव्हतं, म्हणजे आत्याबाईंनी अंडी दिलती पण ती रस्त्यात खड्ड्यानं फुटली. सगळे रांगेनं पुढं जाऊन ठेवू राहिले, माझी पाळी आली, हात रिकामे, कडेवर लेकरू. मला काय झालं कोणास ठाऊक. मी म्हणलं, बोलले व्हते तर बोलले व्हते, अन् लेकरू उचलून टेबलावर ठेवलं. दोन भोपळ्यांच्या मधी. तो बी असा शाना, रडला नाय का काय नाय, शेजारच्या भोपळ्यावर हात ठेवून पडून राहिला. पाळकसाहेबांना वाटलं आशीर्वादासाठी ठेवलंय, त्यांनी सगळ्यासंगं त्याच्यावर बी प्रार्थना केली, हे सगळं तुझं हाय, तुझ्या कामी लाव. आमेन झालं. मी लेकरू उचलायला गेले.

लिलाव करायचे दानिएलकाका. रेल्वेतले, उंच, मिशीवाले, आवाज असा की माईक नको. त्यांनी टेबलावर हात आडवा धरला अन् म्हणाले, बाई, टेबलावरचं फुकट जात नाय, बोली लावा. सगळं चर्च हसायला लागलं. मला वाटलं गंमत करू राहिले, पण ते हात काढीनात. काका लेकरू घेऊन अंगणात गेले, वर धरलं, अन् केली की हो सुरुवात, बोला, चांगला गुटगुटीत माल हाय, तोंडात दात नाय म्हणून खर्च कमी. लोक हसून हसून बेजार. मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं, हे आपले भिताडाला टेकून उभे. अन् तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आत्याबाई उठल्या, डोक्यावरचा पदर घट्ट केला अन् म्हणाल्या, माझी तांबडी.

काकांनी विचारलं, कोणती तांबडी. आत्याबाई म्हणाल्या, कोंबडी, दुसरी कोणती असती, रोज अंडं देती, आहे का कोणाची छाती याच्यावर जायची. कोणाचीच नव्हती. तांबडी एक वार, तांबडी दोन वार, तांबडी तीन वार, अन् लेकरू आत्याबाईंच्या वटीत आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच कोंबडी पिशवीत घालून काकांच्या घरी पोचती केली. मी म्हणलं, अहो आत्याबाई, गंमत व्हती ती. म्हणल्या, देवाच्या दारात गंमत नसती, अन् माझ्या नातवाची किंमत द्यायची राहिली असं कोणी म्हणायला नको. त्या दिवसापासून मी त्या म्हातारीला एक शब्द उलटून बोलले नाय. बरं, एखादा बोलले असल.

पोरगं वाढलं. चर्चमधी त्याला सगळे कोंबडीचा शमू म्हणायचे, तो बी हसायचा. आत्याबाई गेल्या तव्हा त्यानं खांदा दिला. आयटीआय केलं, इथंच कंपनीत लागला, अन् लागून काही वर्षांत पर्मनंट झाला. पर्मनंट, ताई. आमच्या घरात तव्हापर्यंत सर्दीशिवाय काही पर्मनंट नव्हतं. मी गुलमंडीत पेढे वाटले, पोरी बघायला लागले, एक जालन्याची मनात बी भरली व्हती.

अन् एका रविवारी जेवता जेवता हा म्हणतो, आई, मी नोकरी सोडू राहिलो. उन्हाळ्यात तरुणांच्या मंडळासंगं सातपुड्यात जाऊन आला व्हता, तिकडं डोंगरात लेकरांचं एक वसतिगृह हाय, पावऱ्यांची, भिलांची, अशी आदिवासी लेकरं राहतात, शिकवायला माणूस टिकत नाय. म्हणे, मला तिकडं बोलावणं हाय. म्हणलं, कोणाचं बोलावणं, फोन आला का. म्हणे, आई, तुला मालूम हाय कोणाचं.

मी ताटावरून उठले. काय काय बोलले ते तुम्ही लिहू नका. म्हणलं, देवाला काय कंपनीतली माणसं चालत नाहीत का, इथं राहून सेवा कर, रविवारी कर, शनिवारी बी कर. म्हणलं, तिथं पाणी नाय, रस्ता नाय, तुला साधं ताप आला तर कोण हाय. एकुलता एक हायेस. आम्ही म्हातारे झालो तर बघणार कोण. तो गप ऐकत व्हता, बापावर गेला ना. अन् मंग बाप बोलला, वर्षाचे शब्द त्या एका दिवशी खर्च केले. आमचे हे म्हणाले, टेबलावर कोणी ठेवला व्हता?

म्हणलं, सोडवून बी आणलाय, कोंबडी दिऊन.

मला वाटलं झालं, जिंकले. पण मनात टोचायला लागलं. मी दानिएलकाकांकडं गेले. काका तव्हा थकले व्हते, डोळ्यानं अधू, पण आवाज तसाच. मला वाटलं व्हतं काका वडीलधारे, पोराला चार गोष्टी सांगतील, शमू त्यांचं ऐकतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं अन् विचारलं, मार्था, लिलाव आधी होतो का प्रार्थना? म्हणलं, प्रार्थना. म्हणाले, मंग? लिलावात आपण घेतो ते वापरायला घेतो, मालक कसा बदलल? तुला इतकी वर्षं वापरायला दिला, कुरकूर कशाची करतेस. मी चहा पण न पिता उठले. काकूंनी दारातून हाक मारली तरी मागं बघितलं नाय.

चार-आठ दिवस मी देवाशी बोललेच नाय. चर्चला गेले, पण तोंड फिरवून बसले. माझी एक गिऱ्हाईक हाय, पुंडलिकनगरच्या देशपांडेबाई, शाळेत शिकवायच्या, सणासुदीच्या साड्या माझ्याकडंच आणतात, कारण मी फॉल आधी पाण्यात भिजवून वाळवते मंग लावते, न भिजवता लावला की पहिल्या धुण्यात आखडतो अन् साडी चुण्या धरते. त्या आल्या, म्हणाल्या, मार्थाबाई, आज बोलत नाही तुम्ही, आजारी आहात का. मी आपलं सगळं सांगतलं. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो, ते गुलमंडीभर मालूम हाय. मला वाटलं त्या माझी बाजू घेतील, अहो पर्मनंट नोकरी कोणी सोडतं का म्हणतील. त्या पिशवीचे बंद चाळवत उभ्या राहिल्या, अन् मंग म्हणाल्या, माझाही गेलाच की हो. तुम्हाला निदान माहीत आहे, कुणाला दिला. मला ते अजून सांगता येत नाही.

साडी ठेवून त्या गेल्या. मी मशीनची सुई ओवायला घेतली, ओवता येईना, डोळ्यांत पाणी. दुकानाचा शेठ म्हणाला, काय झालं मार्थाबाई, म्हणलं धूळ गेली, तुझं काम बघ. अन् मशीनवर डोकं टेकून मी म्हणलं, घे बाबा. तुझाच हाय, घे. मी खुशीनं देऊ नाय राहिले, चिडून देऊ राहिले, पण देऊ राहिले. ताई, लोकांना वाटतं हुकूम पाळायचा म्हणजे मन आधी मऊ व्हावं लागतं. माझं काय झालं नव्हतं. मला वाटतं त्याला चिडून पाळलेला बी चालतो, पाळला म्हणजे झालं. मन मागून येतं, त्याला काय, त्याच्या सवडीनं येतं. माझा बाप घामाचं बोलायचा ते त्या दिवशी मला कळलं, पोलकं पाठीला चिकटलं व्हतं.

त्या वर्षीच्या कापणीच्या सणाला मी शमूला म्हणलं, चल, टेबलापाशी उभा राहा. तो लाजला, एवढा दाढीमिशीवाला बाप्या, भोपळ्यांच्या बाजूला हात बांधून उभा. पाळकसाहेब नवीन, त्यांना जुन्या लोकांनी गोष्ट सांगितलेली, त्यांनी प्रार्थना केली, तीच, हे सगळं तुझं हाय, तुझ्या कामी लाव. अंगणात लिलाव सुरू झाला. दानिएलकाकांना खुर्चीवर बसवून आणलं व्हतं. भोपळे गेले, लोणचं गेलं, एक कोंबडी व्हती ती गेली. मंग राहिला शमू. कोणीतरी मागून म्हणालं, काका, याचं काय. सगळे हसले, अन् मंग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

आता खरं सांगते. माझा उजवा हात वर जायला निघाला. मी नाय उचलला, तो आपोआप निघाला, इतक्या वर्षांची सवय लिलावाची. घर लाव, मशीन लाव, काय बी लाव, असं आतून कोणीतरी म्हणू राहिलं. मी डाव्या हातानं उजवा हात धरला अन् पदराखाली दाबून बसले, असा दाबला की बांगडी वाढली. काकांनी वाट बघितली. मुद्दाम बघितली, त्या म्हाताऱ्याला मी ओळखते. मंग म्हणाले, याच्यावर बोली नाय. हा गेला.

एवढंच. मी रडले, लपवून नाय, चांगली मोठ्यानं रडले. अन् रडू राहिले तेवढ्यात काकांची सून आली अन् माझ्या मांडीवर काहीतरी फडफडणारं ठेवलं. ती लिलावातली कोंबडी. काकांनीच घेतली व्हती. तांबडी. म्हणे, बाबांनी सांगतलंय, लेकरू देवाकडं परत आलं म्हणून तुमच्या सासूबाईंची कोंबडी परत, हिशोब चुकता. अन् मला असं हसू आलं, ताई, असं हसू आलं, नाकातोंडात पाणी अन् मांडीवर कोंबडी अन् मी हसू राहिले, अन् सगळं अंगण हसू राहिलं. आत्याबाई पाहिजे व्हत्या तव्हा.

तो गेला. पहिल्या वर्षी मी त्याच्यासाठी एक सदरा शिवला, त्या शास्त्रातल्या बाईनं दरवर्षी पोरासाठी झगा शिवून नेला ना, म्हणलं मी काय कमी हाय, मी तर धंद्यातली. आम्ही दोघं गेलो, शेवटची वाट जीपमधी, हाडं खिळखिळी. माप माझ्या डोक्यातच व्हतं, जुनं. त्यानं सदरा घातला अन् खांद्यावरून ओघळला. बारीक झालता. त्या बाईचा झगा दर साली मोठा व्हत गेला असल, अन् माझ्यावर आला सदरा बारीक करायचा वखत. तोंडावर आलतं, चल घरी. जिभेवर व्हतं बघा. पण तिथली लेकरं त्याला असली लोंबकळली व्हती, एक पाठीवर, दोन हाताला, अन् तो त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणला की सगळी खिदळायची. मी सुईदोरा काढला, म्हणलं, काढ इकडं, दोन्ही बाजूनं घेते. अन् त्याचा झाला तशी लेकरं आपापले फाटके सदरे घेऊन रांगेत उभी राहिली, मंग काय, दोन दिवस तेच. आमच्या ह्यांनी सुया ओवून दिल्या.

आता कसं हाय, शमू बरा हाय, थोडा भरलाय. तिथल्याच एका मास्तरणीचं नाव आजकाल फोनवर दोनदोनदा येतं, मी अजून काही बोलले नाय, बघू राहिले. काळजी वाटत नाय असं कोण म्हणल, पाऊस जास्ती झाला, रस्ता बंद झाला की मी फोन हातात घेऊनच बसते. पण ज्याच्या हातात दिलाय तो माझ्यापेक्षा झोपाळू नाय, एवढं मला पक्कं मालूम हाय. आम्ही बी काही उपाशी राहिलो नाय. फॉल-पिको हाय, ह्यांचा टेम्पो आता भाच्याकडं हाय, तो विचारपूस करतो. देवानं आतापर्यंत सांभाळलं, पुढं काय सुट्टीवर जाणार हाय का.

ही बघा तांबडी, चपलांवर बसायची सवय हाय तिला, हाकला. बिल्डिंगवाले तक्रार करतात, सकाळी ओरडती म्हणून, म्हणलं तुमची विमानं ओरडतात ते चालतं का. शमूचा फोन आला की आधी हिची चौकशी, मंग माझी. रोज अंडं देती, तुमच्यासाठी टाकू का आम्लेट? बसा हो, कुठं जायची घाई हाय.

यंदाचा कापणीचा सण आता जवळ आला. माझ्याकडं टेबलावर ठेवण्याजोगी ही तांबडी एवढीच उरली. तिलाच ठेवणार हाय. हे म्हणतात, मार्था, हिला ठेवलीस तर बोली लावशील, मी ओळखतो तुला. म्हणलं, बघा तुम्ही. हात पदराखाली धरून बसते का नाय ते बघा.